पोलादाचे मार्दव
रायपूरनजीकच्या सिलतऱ्यात, स्पंज आयर्नच्या भट्ट्यांच्या शेजारात राहणाऱ्यास पोलादाचा कठोरपणा निराळा सांगावा लागत नाही. म्हणूनच ट्रॅव्हिस नाइट या दिग्दर्शकाने २०१८ च्या ‘बम्बलबी’ चित्रपटात यंत्रमानवाला जे मार्दव दिले, त्याचे मला विशेष अप्रूप वाटते. बाहुल्या तसूतसूने हलवून एकेक चौकट टिपण्याच्या कलेत मुरलेल्या या कलावंताने कथा १९८७ सालात नेली, नायकास आधीच्या चित्रपटांतील कॅमारोऐवजी मूळ कार्टून मालिकेतील बीटल मोटारीचे रूप पुन्हा बहाल केले, आणि वाचा हरपलेल्या त्या यंत्राला रेडिओवरील गाण्यांच्या तुकड्यांतून बोलते केले. चित्रपटाची नायिका चार्ली प्रथम समोर येते तेव्हा तो अजस्र देह गॅरेजच्या कोपऱ्यात भयाने अंग चोरतो. साऱ्या हाणामारीहून ही एक हालचाल मला अधिक मोलाची वाटते.