डार्करूम बंद झाल्यावर

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूरबरोबरच तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा भागातली गावंही उद्ध्वस्त केली. त्या काळी मोडलेल्या हाडाचा एक्स-रे म्हणजे फिल्म. कॅसेट डार्करूममध्ये न्यायची, फिल्म डेव्हलपर-फिक्सरमधून काढायची, धुऊन वाळत घालायची. प्रत एकच. रुग्णाला सोलापूरला हलवलं की फिल्मही सोबत द्यायची, नाहीतर तिथे पुन्हा काढायची.

योगायोगानं त्याच 1993 साली वैद्यकीय प्रतिमांची 'डायकॉम' ही प्रमाणपद्धत आली. एका कंपनीच्या यंत्रावरची प्रतिमा दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडावी आणि रुग्णाचं नाव, तारीख त्या फाइलमध्येच असावी, हा तिचा गाभा.

आता डिटेक्टरवर पडलेले क्ष-किरण काही सेकंदांत पडद्यावर उमटतात. प्रतिमा 'पॅक्स' या साठवणीत गेली, की परंड्यात काढलेला एक्स-रे पुण्यातला रेडिओलॉजिस्ट वाचू शकतो. आठ तालुक्यांत विखुरलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्याला खरा फायदा इथेच. फक्त इंटरनेटची लाइन धड हवी. सीटी स्कॅनचा एक काप 512 बाय 512 ठिपक्यांचा, म्हणजे साधारण अर्धा मेगाबाइट. 500 काप झाले की 250 मेगाबाइट. सेकंदाला 10 मेगाबिटच्या लाइनीवर ते पोचायला तीन मिनिटांहून जास्त लागतात, तेही लाइन चालू असेल तर.

डार्करूमचं काम संपलं, पण टंकलेखनाचं वाढलं. 'ज्ञानेश्वर'चं इंग्रजी स्पेलिंग आज डी-नं आणि सहा महिन्यांनी जी-नं केलं, तर संगणकाच्या लेखी ती दोन माणसं. जुना एक्स-रे साठवणीत असूनही सापडत नाही. म्हणून नाव नव्हे, नोंदणी क्रमांक महत्त्वाचा.

मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट मात्र पडद्यावर दिसतच नाही. जास्त किरण लागले की फिल्म काळी पडायची. चूक सगळ्यांसमोर यायची. डिजिटल यंत्र उजळपणा बऱ्याच मर्यादेपर्यंत स्वतःच सावरून घेतं. किरण कमी पडले तर प्रतिमा खरखरीत येते, जास्त पडले तर उलट नितळ! नितळ प्रतिमेची तक्रार कोण करणार? मग तंत्रज्ञाचा हात नकळत सैल सुटतो आणि किरणांची मात्रा चढत जाते. डिटेक्टरपर्यंत किती किरण पोचले याचा अंदाज देणारा 'एक्स्पोजर इंडेक्स' प्रत्येक प्रतिमेसोबत नोंदला जातो. महिन्याकाठी हे आकडे काढून पाहिले, तर कोणत्या यंत्रावर, कोणत्या पाळीत मात्रा वाढतेय ते लगेच कळतं.