लेन्स गेली म्हणजे खेळ गेला, असं नसतं

संपादकांची मागणी साधी होती. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम पोराटोरांसाठी म्हणून आला आणि मिशा फुटलेल्या तरण्यांनी तो ताब्यात घेतला, हे आपल्याकडे कसं घडलं ते लिहा. मुंबई-पुण्याच्या गेमिंग झोनवर पुष्कळ लिहून झालंय, तुम्ही खानदेशातलं बघा. म्हणून बोदवडला गेलो.

बोदवड हे भुसावळहून मलकापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. कापूस, जिनिंग, बाजार समिती, उन्हाळ्यात अंगाची लाही. इथे गेमचं शोरूम शोधायला कोणी जात नाही. पण टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या एका दुकानात, सेट-टॉप बॉक्सच्या ढिगाशेजारी, वरचं झाकण काढलेला सोनीचा प्लेस्टेशन-टू पडला होता आणि दुकानदार त्याच्या पोटात कानातली काडी घालून काहीतरी हळुवार पुसत होते. तिथेच बसलो. पुढे जे कळलं ते बहुतेक त्या टेबलावरच.

दुकानदार चाळिशीच्या पुढचे. पहिली अट त्यांनीच घातली, "नाव नका छापू भाऊ, आधीच काम लय पडेल आहे." हाताखालचा मुलगा त्यांना काका म्हणतो. आपणही काकाच म्हणू.

छापील इतिहास तसा थोडक्यात आटोपतो. निन्टेन्डो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये फॅमिकॉम नावाचा डबा विकायला काढला. त्याच सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता, दुकानदार त्याचं नावही घेत नव्हते. म्हणून 1985 मध्ये निन्टेन्डोने तिथे हाच डबा वेगळ्या रूपात आणि सोबत एक प्लास्टिकचा रोबो देऊन, खेळणं म्हणून खपवला. हा प्रकार लहान मुलांचा, असा शिक्का तेव्हाच बसला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जे घराघरांत आलं ते बहुतांशी याच यंत्राच्या तैवानी-चिनी नकला. समुराई, मीडिया, टर्मिनेटर ही त्यांची नावं चाळिशीतल्या माणसाला आजही पाठ आहेत. त्यात घालायची ती 'कॅसेट'. कॅसेटवर 9999 खेळ छापलेले, आत मोजून थोडे. तोच मारिओ वेगवेगळ्या पायरीपासून सुरू करून आकडा फुगवलेला. कॉन्ट्रा, रोड फायटर आणि रणगाड्यांची बॅटल सिटी एवढ्यावर दिवाळीची सुट्टी निघायची.

काकांचा हात पहिल्यांदा वळला तो याच डब्यांवर. अडॅप्टर जळणं, टीव्हीकडे जाणारी वायर तुटणं, बटणाखालचं रबर झिजणं, ही कामं बाराव्या-तेराव्या वर्षी शिकता येत. पण एक गोष्ट त्यांना तेव्हाच खटकली. सुरुवातीच्या नकलांत पाय असलेल्या, वेगवेगळ्या आयसी असायच्या. पुढे सगळं यंत्र एकाच चिपमध्ये बसवलं गेलं आणि ती चिप काळ्या रसायनाच्या ठिपक्याखाली पुरली गेली. ठिपक्याखाली बिघाड झाला की इलाज नाही. डबा स्वस्त झाला, पण दुरुस्तीतून सुटला. काकांच्या हिशेबात यंत्रांच्या दोनच जाती आहेत: उघडणारी आणि न उघडणारी.

तरुणांकडे वळण मिळालं ते सोनीमुळे. प्लेस्टेशन 3 डिसेंबर 1994 रोजी जपानमध्ये आलं. केन कुतारागी हा त्यामागचा अभियंता. सोनी खेळण्यांची कंपनी नव्हती. टेपरेकॉर्डर, वॉकमन, टीव्ही विकत घेणारा विशी-पंचविशीतला माणूस तिला ओळखीचा होता. ब्रिटनमध्ये तर हे यंत्र थेट नाइटक्लबमध्ये मांडलं गेलं. 1995 च्या 'वाइपआउट' या शर्यतीच्या खेळात तिथल्या क्लबांमध्ये वाजणारं संगीत होतं, 1996 मध्ये 'टूम रेडर' आला. शिवाय खेळ कॅसेटऐवजी सीडीवर. छापायला कितीतरी स्वस्त. या पहिल्या यंत्राचे दहा कोटींहून जास्त नग गेले. 4 मार्च 2000 रोजी आलेल्या प्लेस्टेशन-टूने तर सोळा कोटींचा पल्ला गाठला. तो डीव्हीडी प्लेयरही होता, त्यामुळे घरी वडिलांना पटवायला सोपा.

भारतात कंपन्यांना तरुणच हवे होते. मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये एक्सबॉक्स 360 आणला तेव्हा जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग होते. सोनीने एप्रिल 2007 मध्ये प्लेस्टेशन-थ्री 39,990 रुपयांना काढला. हा आकडा जळगाव जिल्ह्यात कोणत्या पोराच्या खिशाला परवडणार होता? त्यामुळे जगाने थ्री घेतला तरी आपल्याकडे टू संपला नाही. कंपनीलाही ते ठाऊक असावं. पूर्णपणे भारतातच घडवलेला प्लेस्टेशनचा पहिला खेळ, हैदराबादच्या ऑरोना कंपनीचा 'हनुमान: बॉय वॉरियर', 2009 मध्ये आला तो पीएस-टूसाठीच.

मात्र बोदवडसारख्या गावात पीएस-टू रुजवला तो ना अक्षय कुमारने ना हनुमानाने. काका त्याचं उत्तर टेबलावर बोट ठेवून देतात. "हे इथं उघडते ना भाऊ, म्हणून."

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा मनीष मार्केटमधून, कधी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून वापरलेला पीएस-टू यायचा. दोन-तीन मित्रांनी वर्गणी करायची नाहीतर एखाद्याने खोली भाड्याने घेऊन तासावर खेळायला बसवायचं. 2003 चा डब्ल्यूडब्ल्यूईचा 'हिअर कम्स द पेन', 2004 चा 'सॅन अँड्रियास' आणि ईए कंपनीचा 'क्रिकेट 07' हे तीन खेळ म्हणजे या पिढीची कमाई. त्यातला एकही लहान मुलासाठी बनलेला नव्हता. आयटीआयची पोरं, कॉलेजातून परतणारी, जिनिंगच्या हंगामात रात्रपाळी करून आलेली, सगळी एका पलंगावर. दोन रिमोट, चार प्रेक्षक, हरला तो उठला. घरात एकट्याने खेळायचं यंत्र इथे चावडीवर आलं.

आता त्या काडीकडे येऊ. पीएस-टू बंद पडतो तो बहुतेक एकाच जागी: लेन्स. काळ्या पडद्यावर 'डिस्क रीड एरर' आलं, किंवा लाल पडदा येऊन प्लेस्टेशनची डिस्क घाला म्हणून विनंती झाली की गावात निदान तयार असायचं, 'लेन्स गेली.' काका ते मान्य करत नाहीत. त्यांनी मला यंत्र फिरवून दाखवलं. दोन बारीक रुळांवर लेन्सची गाडी पुढेमागे सरकते. एका बाजूला पीळ असलेला दांडा, तो छोट्या मोटरने फिरतो. गाडीत दोन लेसर आहेत, सीडीसाठी वेगळा आणि डीव्हीडीसाठी वेगळा. म्हणून कधी एकाच यंत्रावर सीडीचे खेळ चालतात आणि डीव्हीडीचे चालत नाहीत. गिऱ्हाईक गोंधळतं, काकांना तिथेच अर्धं निदान मिळतं.

मग क्रम ठरलेला. आधी काडीवर अगदी थोडं अल्कोहोल घेऊन लेन्स पुसायची. जिनिंगच्या गावात रुईचे तंतू कुठेही शिरतात. लेन्सवर बसलेला एवढासा तंतू यंत्राला आंधळं करतो. मग रुळांवरचं वाळलेलं ग्रीस खरवडून नवं लावायचं. जुन्या जाड मॉडेलात एक पांढरं प्लास्टिकचं चाक असतं, त्याने लेन्सचा कल बदलतो. ते एक-दोन दात फिरवून पाहायचं. एवढ्यावर नाही भागलं तर लेसरच्या पट्टीवरचा खसखशीएवढा स्क्रू. काका मल्टीमीटरची टोकं टेकवतात, आधीचा ओहमचा आकडा मागच्या कॅलेंडरवर लिहितात आणि मगच स्क्रूला हात लावतात. रोध कमी केला की लेसरची ताकद वाढते. थोडी वाढली तर यंत्र वर्षभर चालतं, जास्त वाढली तर लेसर आठवड्यात जळतो. "लिहेल नसलं तर परत मागं येता येत नाही." हा आकडा लिहून ठेवण्यात त्यांची सगळी कारागिरी आहे.

लेन्स लवकर का थकायच्या, याचंही उत्तर त्यांच्याकडे आहे. घरी कॉपी केलेल्या डिस्कवरून प्रकाश कमी परततो, यंत्राला वाचण्यासाठी जास्त धडपड करावी लागते. आणि बोदवडला येणाऱ्या डिस्क बहुतेक कॉपीच्याच होत्या. हे लपवण्यात अर्थ नाही. पीएस-टूची लोकप्रियता अर्ध्याहून जास्त चोरीच्या सीडीवर उभी होती. अस्सल खेळाच्या एका डिस्कची किंमत कित्येक घरांच्या आठवड्याच्या किराण्याएवढी होती आणि ती इथल्या दुकानात मिळतही नव्हती.

मग पेनड्राइव्ह आला. 2008 च्या सुमारास जगभरच्या हौशी लोकांनी युक्ती काढली: 8 एमबीच्या मेमरी कार्डात एक छोटा प्रोग्रॅम भरायचा, की यंत्र डिस्कशिवाय पेनड्राइव्हवरून खेळ उघडतं. लेन्सची कटकटच संपली. फक्त पीएस-टूचं यूएसबी जुन्या, संथ जातीचं, त्यामुळे मध्ये येणारे व्हिडिओ अडखळतात. शिवाय ही युक्ती सगळ्या यंत्रांवर चालत नाही. काका गिऱ्हाइकाचं यंत्र हातात घेतात ते पालथंच. मॉडेल 90000 च्या मालिकेतलं असेल तर मागच्या पट्टीवरचा तारखेचा कोड बघतात. 8डी किंवा पुढचा असेल तर मान हलवतात. शेवटच्या त्या यंत्रांत सोनीने दार बंद केलं होतं. बाहेरून दोन्ही यंत्रं अगदी सारखी.

त्याच काळात महाराष्ट्रात भारनियमन होतं. शेजारी दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आणि तालुक्याच्या गावात तासन् तास अंधार. मिशन पूर्ण होण्याआधी लाइट गेली की सगळं पाण्यात. म्हणून खेळता खेळता दर थोड्या वेळाने सेव्ह करण्याची सवय या पोरांना लागली. त्यातले काही आज पुण्या-नाशकात संगणकावर काम करतात आणि ती सवय अजून सुटलेली नाही, असं काका हसत सांगतात.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं. पण टेबलापाशी बसलं की अडचणीही दिसतात, आणि त्या वाढत चालल्या आहेत.

पहिली, सुटे भाग. सोनीने पीएस-टूचं उत्पादन 2013 च्या सुरुवातीला थांबवलं. आता मिळणारी लेन्स बहुतेक नकली. पाच आणली तर दोन-तीन नीट चालतात, बाकीचा तोटा दुकानदाराचा. दुसरी, टीव्ही. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा नव्या टीव्हीवर दिसेनाशी झाली. मध्ये कन्व्हर्टर लावला तर चित्र येतं, पण बटण दाबल्यावर फलंदाज उशिरा बॅट फिरवतो. आधीच्या पिढीच्या डक हंटच्या बंदुकीचं तर नवीन टीव्हीवर कामच होत नाही. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला डोळा तो पकडतो. हे गणित जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं आहे. बंदूक शाबूत, पण तिचा टीव्ही भंगारात गेला.

तिसरी, मोबाइल. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि पलंगावरची मैफल मोडली. पुढे पब्जी आला, सप्टेंबर 2020 मध्ये त्यावर बंदी आली, त्याचा भारतीय अवतार निघाला. आता पोरं एकाच ओट्यावर बसून चार मोबाइलवर खेळतात. खेळणारे वाढले. दुरुस्तीचं काम मात्र पडदा आणि चार्जिंगच्या पिनेवर आलं.

चौथी अडचण काकांनाही पुरती ठाऊक नव्हती, मी सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. प्लेस्टेशन-फाइव्ह भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी 49,990 रुपयांना आलं. जळगाव-भुसावळच्या नोकरदार तरुणांकडे ते आता हप्त्यावर दिसतं, म्हणजे ग्राहक अजून तरुणच आहे. पण 2023 मध्ये निघालेल्या त्याच्या बारीक मॉडेलात डिस्कचा ड्राइव्ह वेगळा काढता-घालता येतो आणि नवा ड्राइव्ह लावला की तो इंटरनेटवरून यंत्राशी जोडून घ्यावा लागतो. लेन्सची जागा ओळखपत्राने घेतली. 2024 च्या प्रो मॉडेलसोबत तर ड्राइव्ह येतच नाही. तो वेगळा विकत घेतला नाही, तर खेळ खात्यावरच घ्यायचा; मित्राला सीडी देता येत नाही, जुना खेळ अर्ध्या किमतीत विकता येत नाही. बोदवडच्या पलंगावर ज्या देवघेवीतून ही आवड वाढली, तीच देवघेव यंत्राबाहेर काढली गेली.

केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै 2022 मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर 2022 मध्ये पोर्टलही काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. गेमच्या डब्याचं स्वतंत्र नाव त्यात नाही. दुसरीकडे कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये आलेलं 65-अ हे कलम, कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने संरक्षणाचं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. चोरीच्या डिस्कचं समर्थन मी करणार नाही. पण लेन्स पुसणं म्हणजे चोरी नव्हे, आणि यंत्र असं बनवणं की पुसणाऱ्यालाच आत शिरता येऊ नये, हेही न्याय्य नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडच्या तरुणांना कन्सोलची गोडी जाहिरातींनी लावली नाही. ती लावली उघडता येणाऱ्या यंत्राने आणि ते उघडणाऱ्या माणसांनी. तेव्हा माळ्यावर पडलेला पीएस-टू किलोच्या भावाने भंगारवाल्याला देऊ नका, आधी गावातल्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. आणि नवीन यंत्र घेणार असाल तर दुकानात किंमत विचारण्याआधी एवढं विचारा: हे बिघडलं तर माझ्या गावात कोणाला उघडता येईल?