तोच, की दुसरा? अनत्तवाद आणि दोन प्रतींचे कोडे

मेळघाटातील सेमाडोह येथे, सिपना नदीकाठच्या अरण्यात, वाघाची ओळख पटविण्याचे काम आता कॅमेरे करतात. पूर्वी ही गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. २००६ च्या राष्ट्रीय गणनेपासून कॅमेऱ्याने टिपलेल्या पट्ट्यांवर भर दिला जाऊ लागला. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, हा या पद्धतीचा आधार होय. मात्र एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या बाजूचे पट्टेही भिन्न असतात. त्यामुळे वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे लावावे लागतात. एकच बाजू टिपली गेली, तर एका वाघाचे कागदावर दोन वाघ होण्याचा संभव असतो. ओळखीची खूण वेगळी आणि ओळखला जाणारा वेगळा, हे येथे सहज ध्यानात येते. परंतु सर्व खुणा तंतोतंत जुळणारे दोन जीव खरोखरच समोर उभे ठाकले, तर त्यांपैकी 'तोच' कोणास म्हणावे?

हाच प्रश्न मनुष्याविषयी ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली 'रीझन्स अँड पर्सन्स' या ग्रंथात उपस्थित केला. त्यांनी एक यंत्र कल्पिले. ते पृथ्वीवरील मनुष्याच्या प्रत्येक पेशीची नोंद घेते, त्याचा देह नष्ट करते आणि त्या नोंदीनुसार मंगळावर तेथील द्रव्यातून तसाच देह घडविते. मंगळावर जागा होणारा आपले बालपण आठवतो, आपल्या माणसांची चौकशी करतो. हा प्रवास म्हणावा, की मृत्यू? पुढे यंत्रात सुधारणा होते. मूळ देह नष्ट न होताच मंगळावर दुसरा उभा राहतो. आता 'मी' म्हणणारे दोघे आहेत. विज्ञानाने कोणा मनुष्यास असे पाठविलेले नाही. १९९७ साली प्रयोगाने साध्य झाले ते केवळ प्रकाशकणाच्या अवस्थेचे संक्रमण. तथापि कोडे विचाराचे आहे आणि आत्मवादाची त्यात मोठी अडचण होते. एक व अविभाज्य आत्मा दोघांपैकी कोणाकडे गेला, हे सांगणारी एकही खूण उपलब्ध नाही.

पालि वाङ्मयाला अशी कल्पना अपरिचित नाही. जातकट्ठकथेत व धम्मपदट्ठकथेत चूळपन्थक स्थविरांची कथा येते. चार महिन्यांत एक गाथाही पाठ न होणारा हा भिक्खू अर्हत् झाल्यावर ऋद्धीने आपली सहस्र रूपे निर्माण करतो. बोलावण्यास आलेला मनुष्य नावाने हाक मारतो, तर सहस्र मुखांतून एकदमच ओ येते. तेव्हा त्यास सांगण्यात येते, की जो प्रथम बोलेल त्याचा हात धरावा. तसे करताच इतर रूपे अंतर्धान पावतात. ही रूपे एकाच चित्ताची निर्मिती आहेत, यंत्राच्या प्रतींप्रमाणे स्वतंत्र नाहीत, हा भेद मान्य केलाच पाहिजे. तरीही लक्षणीय गोष्ट अशी, की खरा पन्थक ठरविण्यासाठी कथाकार आत्म्याचा शोध घेत नाही. व्यवहारापुरती एक युक्ती त्याला पुरते. यालाच आपण सम्मुतिसच्च म्हणतो.

तत्त्वाची उकल 'मिलिन्दपञ्ह' या ग्रंथात मिळते. जन्मास येणारा तोच असतो की दुसरा, असे मिलिन्द राजा विचारतो. नागसेन दोन्ही पर्याय नाकारतात आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त देतात. पहिल्या प्रहरातील ज्योत शेवटच्या प्रहरातील ज्योत नव्हे, तरी दिवा दुसरा झाला असेही नव्हे. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला असता पहिल्यातून काही निघून दुसऱ्यात जात नाही, हेही ते राजाच्या लक्षात आणून देतात. हाच दृष्टान्त पुढे नेऊन आपण एका ज्योतीवरून दोन दिवे लावले, तर 'मूळ ज्योत कोणात गेली?' हा प्रश्नच अयोग्य ठरतो. संयुत्तनिकायातील मोळियफग्गुनसुत्तात भगवंतांनी 'कोण अनुभवतो?' हा प्रश्न असाच बाजूस सारून, कोणत्या प्रत्ययामुळे अनुभव उत्पन्न होतो, असे विचारण्यास शिकविले आहे. विशेष म्हणजे पार्फिट यांनीही आपल्या ग्रंथास बुद्धमताविषयी एक परिशिष्ट जोडले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. 'तोच' कोणी नसेल, तर कर्माची जबाबदारी कोणावर? नागसेनांनी आंब्याच्या चोराचे उदाहरण देऊन याचे उत्तर दिले आहे. मालकाने लावलेला आंबा वेगळा आणि मी तोडलेला वेगळा, असे म्हणून चोर सुटत नाही; कारण दुसरा पहिल्यापासूनच निष्पन्न झालेला असतो. जबाबदारीला नित्य आत्म्याची गरज नाही. कार्यकारणाची अखंड परंपरा तिला पुरेशी आहे.

आपल्या दृष्टीने हा केवळ बुद्धिविलास नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत नवजन्माचा स्पष्ट स्वीकार आहे. दीक्षा घेऊन वऱ्हाडातील आपल्या गावी परतलेल्या माणसाच्या सातबाऱ्यावरील नाव तेच होते, सावकाराच्या वहीतील कर्जही तेच होते. मग नवा जन्म कोणाचा झाला? मनुष्याच्या ठायी न पालटणारे असे काही सत्त्व असते, तर दीक्षा हा केवळ वेषांतराचा प्रकार ठरला असता. जातिव्यवस्था हेच तर सांगत आली, की जन्माने चिकटलेले कधीही सुटत नाही. उलटपक्षी तो मनुष्य सर्वथा दुसरा झाला असता, तर आपल्या पूर्वजांच्या दुःखाशी व संघर्षाशी त्याचे नाते उरले नसते. तो तोच नव्हता आणि परकाही नव्हता. म्हणूनच तो आपले ऋण फेडू शकला आणि आपला मार्गही बदलू शकला. मंगळावरील प्रवाशाचे काय होईल ते होवो. काल प्रमाद केलेल्या आणि उद्या शील पाळू इच्छिणाऱ्या मनुष्याला आज अनत्तवादाचा आधार आहे, एवढे निश्चित.