मेणावर उरलेला आवाज

भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. भारतभूमीवर तबकड्यांचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. तेव्हा भाऊरावांच्या गळ्याची खूण कुठे उरलीच असेल, तर ती मेणाच्या नळकांड्यावरच! शहाड-कल्याणची भंगाराची दुकाने धुंडाळताना माझ्या मनात हाच विचार असतो.

ही नळकांडी जेमतेम दोन-चार मिनिटे गातात. शिवाय सुई फिरली की मेण थोडे झिजते. जितके ऐकावे तितका आवाज विरत जातो. त्यात उल्हास नदीकाठची आमची दमट हवा. पावसाळ्यात मेणाला बुरशी धरते आणि ती सूर खाऊन टाकते. म्हणून नळकांडे उन्हात ठेवू नये, वरून हात लावू नये. आतून दोन बोटांनी उचलावे. आता सुई न टेकवता, प्रकाशाच्या साहाय्यानेही त्यातला आवाज वाचता येतो.

ए. एन. शर्मा आणि अनुकृती शर्मा यांनी २०१४च्या ग्रंथात भारतातील अशा नळकांड्यांचा शोध मांडला आहे. आपण निदान एवढे करावे: माळा आवरताना पेल्याएवढी, तपकिरी, पोकळ नळी सापडली, तर ती भंगारात देण्यापूर्वी जाणकाराला दाखवावी.