मद्रासला दिलेले पाच टीएमसी

नदीपाण्याच्या निवाड्यांची पारायणं करण्याची खोड मला फार जुनी. बच्छावत लवादाने कृष्णेचं महाराष्ट्राला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. हे आकडे सांगली-साताऱ्याकडे पुष्कळांना तोंडपाठ असतात. त्या 560 मधलं 5 टीएमसी आपण मद्रासच्या नावावर केलंय, याची मात्र सहसा कुणी आठवण काढत नाही.

करार 14 एप्रिल 1976 चा. तेव्हा देशात आणीबाणी, तमिळनाडूत जानेवारीअखेरपासून राष्ट्रपती राजवट आणि लवादाचा अंतिम निवाडा राजपत्रात यायला दीड महिना अवकाश. म्हणजे तहानलेल्या मद्रासची बाजू मांडणारं सरकारही दिल्लीच्याच हातातलं. आपले मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण, जायकवाडीच्या मागे ठामपणे उभे राहिलेले. तिन्ही राज्यांनी प्रत्येकी 5 टीएमसी द्यायचं, एकूण 15. वाटेतली 3 ची घट सोडून तमिळनाडूच्या हद्दीवर 12 पोचवायचं. ऑक्टोबर 1977 च्या करारात हे पाणी श्रीशैलमहून, जुलै ते ऑक्टोबर या काळात उचलायचं ठरलं.

गंमत अशी, की आपल्या पाच टीएमसीसाठी कुठल्या धरणाचा दरवाजा वर होत नाही. आपल्या वाट्यातलं तेवढं पाणी अडवायचं नाही, की दान पुरं. शंभर रुपयांतले नव्वद पैसे, तेही खिशात हात न घालता! कोयनेचं 67.5 टीएमसी वीज करून पश्चिमेला उतरवायला लवादाची मान्यता होतीच. त्यापुढे हे पाच काहीच नव्हे.

भांडण लागलं ते मधल्या टप्प्यात. 1983 मध्ये आंध्राचे मुख्यमंत्री एन. टी. रामारावांनी या योजनेला रायलसीमा आणि नेल्लोरचं सिंचन जोडलं आणि ती ‘तेलुगू गंगा’ झाली. महाराष्ट्र-कर्नाटकाने हरकत घेतली: आम्ही संमती दिली ती पिण्याच्या पाण्याला, शेतीला नव्हे. बच्छावतांनी आंध्राला उरलेलं पाणी वापरण्याची मुभा दिली होती, पण त्यावर हक्क बसणार नाही, असंही बजावलं होतं. माझ्या मते आपली हरकत रास्त होती. मुभेवर एकदा कालवे उभे राहिले, की त्यांच्या काठची पिकंच हक्क सांगू लागतात.

अमेरिकेत 1908 च्या विंटर्स खटल्यात नेमकं उलट घडलं. माँटानातल्या फोर्ट बेलनॅपच्या आदिवासींसाठी 1888 मध्ये जमीन राखली, तेव्हाच मिल्क नदीचं पाणीही राखलं गेलं, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांचे बांध आधीपासून वापरात असूनही त्यांना माघार घ्यावी लागली. तिथे राखीव हक्काची तारीख वापरावर मात करून गेली. आपल्याकडे कालवा ज्याच्या रानातून जातो, तो मात करतो.

कृष्णेचं पाणी चेन्नईच्या पूंडी जलाशयात यायला 1996 साल उजाडलं. कालवा गळका निघाला. सत्यसाईबाबांच्या ट्रस्टने त्याचं अस्तरीकरण केलं, तेव्हा कुठे प्रवाह सुधारला. तरी बहुतेक वर्षी 12 टीएमसीचा आकडा कागदावरच राहिला आणि जून 2019 मध्ये चेन्नईचे मुख्य तलाव आटले.

त्याच वर्षी ओरगडमचं पाणी बदललं. चेन्नईच्या चेम्बरंबाक्कम तलावापलीकडचा हा वाहन उद्योगाचा पट्टा. रेनॉ, रॉयल एन्फिल्ड यांचे कारखाने इथलेच. कोयम्बेडूला चेन्नईचं सांडपाणी आरओपर्यंत शुद्ध करून रोज साडेचार कोटी लिटर पाणी तयार करणारा प्रकल्प सुरू झाला आणि ते नळाने श्रीपेरुंबुदूर-ओरगडमच्या औद्योगिक वसाहतींकडे जाऊ लागलं. कारखान्यांनी तलावाचं जेवढं पाणी सोडलं, तेवढं माणसांना उरलं.

चाकण कृष्णेच्याच खोऱ्यातलं. तिथल्या कारखान्यांना नदीचं ताजं पाणी आणि पुणे-पिंपरीची घाण खाली उजनीला, हा आपला व्यवहार. बच्छावतांनंतरच्या नव्या लवादापुढे महाराष्ट्राने वाढीव वाटा मागितला तेव्हा मी आपल्याच बाजूचा होतो. पण पुढे कधी ओरगडमचा हिशेब समोरच्या वकिलाने काढला, तर त्याला काय उत्तर द्यायचं, हे आपण अजून ठरवलेलं नाही.