सचिवपद आणि दरपत्रके

महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचा सचिव, ज्याला मुले जुन्या सवयीने ‘यू. आर.’ म्हणत, त्याच्या निवडीची व्यवस्था १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने अशा बेताने लावून दिली होती की, खुल्या निवडणुकांच्या काळात भिंती रंगवून, मिरवणुका काढून आणि प्रसंगी डोकी फोडून जे साधले जाई, ते गुणपत्रिकेच्या शीतल छायेत बिनबोभाट पार पडावे. कलम ४० अन्वये प्रत्येक वर्गातून आदल्या परीक्षेतील गुणवत्तेवर एक विद्यार्थी प्राचार्यांनी नेमावयाचा. राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा व सांस्कृतिक विभाग यांतून एकेक, शिवाय दोन विद्यार्थिनी, याही त्यांनीच नेमावयाच्या. आणि या सर्वांनी मिळून आपल्यातूनच सचिव निवडावयाचा. एका तालुक्याच्या गावी या परिषदेवर प्राध्यापक-सदस्य म्हणून माझी वर्णी लागली आणि मतदारयादी, लाखेची मोहोर व पुढे वर्षभराचे दफ्तर माझ्या स्वाधीन झाले.

मतदार हजारांवरून तीसेकांवर आले म्हणजे राजकारण आटते, ही समजूत पहिल्याच पंधरवड्यात निकालात निघाली. पहिला नंबर आलेल्या मुलांना सचिवपदाची हौस क्वचितच असे. ज्यांना ती असे, ते बहुधा क्रीडा किंवा सांस्कृतिक विभागाच्या दाराने आत येत, आणि म्हणून खरी चुरस मतदानाच्या कितीतरी आधी, प्राचार्यांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर सुरू होई. अंतिम यादी फलकावर लागली की वर्गप्रतिनिधी दिसेनासे होत. कोणी महाबळेश्वरला असे, कोणी गणपतीपुळ्याला. घरी ‘अभ्याससहल’ असे सांगितलेले असे. मुलींना असे नेता येत नसे, तेव्हा त्यांच्याकडे उमेदवाराची थोरली बहीण पेढे घेऊन जाऊन येई. मतदानाच्या दिवशी दहाच्या ठोक्याला फाटकात जीपा उभ्या राहत आणि बाजारच्या दिवशी शेळ्या मोजाव्यात तशी एकेक मान मोजून उमेदवार आपली माणसे उतरवून घेई. पुढे २००६ साली लिंगडोह समितीने विद्यार्थी-उमेदवाराच्या खर्चास पाच हजार रुपयांची मर्यादा सुचविली. जीपचे भाडे तीत कोणत्या सदराखाली दाखवावे, हे मला कोणी विचारले नाही. मोजणीस मात्र चहा निवण्याइतकाही वेळ लागत नसे.

बाहेरून पाहणाऱ्याचा समज असा होतो की, गुलाल उधळला म्हणजे कार्य उरकले. वस्तुतः परिषदेचे काम तेथून पुढे, आणि तेही फार रूक्ष कागदांवर, सुरू होते: जिमखाना शुल्काची शिल्लक, स्नेहसंमेलनाची तरतूद, आगाऊ उचल, पावत्या, तीन दरपत्रके, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त. माझ्या मते विद्यार्थ्याला कारभार कळतो तो येथेच. परंतु सहलीहून आलेल्या मंडळींपैकी निम्मी पहिल्या सभेनंतर गणपूर्तीपुरतीही येत नसत.

त्या वर्षी नियमाने येणाऱ्यांत विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. सभेत ती काही बोलत नसे. समोर आलेला प्रत्येक कागद उलटसुलट वाचून पुढे सरकवी. स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा विषय निघाला, सचिवाने तीन दरपत्रके टेबलावर मांडली, सर्वांत कमी दराचे मंजूर करावे असा ठराव वाचला, आणि कागद फिरत फिरत तिच्यापाशी येऊन थांबले.

“सर, ही तिन्ही एकाच हातची आहेत,” ती म्हणाली. “सातचा आकडा बघा.”

मी पाहिले. नावे तीन मंडपवाल्यांची, कागदही तीन तऱ्हांचे छापील. पण सातच्या आकड्याची आत वळलेली लांब शेपटी तिन्हींवर तीच.

“अगं, दरवर्षी असंच चालतं,” सचिव हसून म्हणाला.

“मग तसं इतिवृत्तात लिहून घ्या.”

अध्यक्षस्थानी प्राचार्य होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि दरपत्रके नव्याने, सीलबंद पाकिटांतून मागवावीत असे फर्मावले. तिने ठराव सुचविला. अनुमोदनासाठी सर्वांआधी हात वर केला तो सचिवाने, आणि तोही अशा सहजतेने की, या मुलाला पुढे राजकारणात भवितव्य आहे याविषयी मला शंका उरली नाही.

२०१६ च्या कायद्याने कलम ९९ द्वारे थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, आणि ती मला तत्त्वतः मान्यच आहे, कारण सगळ्या वर्गाने निवडलेल्या मुलाला जीपमध्ये कोंबणे अवघड. तथापि मतपेटी कशीही भरली तरी पाकिटे कोणीतरी फोडून वाचावीच लागणार.

नव्या दरपत्रकांत शेजारच्या गावचा मंडपवाला स्वस्त ठरला. संमेलनाच्या दिवशी त्याच्या खुर्च्या उशिरा पोचल्या, प्रमुख पाहुण्यांचे अर्धे भाषण तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी उभ्यानेच ऐकले, आणि त्याची तक्रार घेऊन सगळे गेले ते सचिवाकडे नव्हे, तिच्याकडे.