वारा, कफ आणि मेंदूतली वीज

सेकंड इयरच्या सबमिशनचे दिवस. रात्रीचा दीड वाजलेला, रूमवर आम्ही तिघं शीटवर शीट उतरवत बसलेलो. अचानक माझ्या रूममेटच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. धड ओरडणं नाही, धड कण्हणं नाही. आणि तो खुर्चीवरून खाली. अंग ताठ, मग झटके, तोंडाला फेस. पुढच्या मिनिटभरात आमच्या विंगमध्ये जे झालं ते आठवलं की आजही लाज वाटते. एकाने त्याच्या नाकाशी चप्पल धरली, एक मेसमधून कांदा आणायला पळाला आणि मी, भावी इंजिनिअर, त्याच्या दातांत स्टीलचा चमचा घालायच्या तयारीत! नशीब त्याचं, चमचा सापडेपर्यंत झटके थांबले होते. (तोंडात काहीही घालायचं नसतं. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट हॉस्पिटल. हे सगळं नंतर कळलं.)

त्याला नववीपासून फिट्स येत होत्या आणि त्याने ते आमच्यापासून लपवलं होतं. गोळ्या चालू होत्या, पण सबमिशनच्या धावपळीत दोन दिवस चुकल्या. विषय इथेच संपला असता. पण महिनाभराने त्याच्या काकांनी एक पार्सल पाठवलं. चिनी वनौषधींच्या गोळ्या! सोबतच्या कागदावर आजाराची कारणं छापली होती : यकृतातला वारा, कफ, आणि गर्भात असताना आईला बसलेली धास्ती. तिसरं कारण वाचून तो एकदम गप्प झाला. त्याची आजी गेली पाच वर्षं त्याच्या आईला हेच ऐकवत होती. पोटुशी असताना ग्रहणात बाहेर पडली, घाबरली, म्हणून पोराला फेफरं. "एवढ्या जुन्या चिनी शास्त्रातही तेच लिहिलंय, म्हणजे खरंच असणार ना रे?" त्याने विचारलं. शिवाय चालू गोळ्या बंद करून या सुरू कराव्यात, असंही त्याच्या मनात होतं.

मला उत्तर माहीत नव्हतं. म्हटलं, आधी ते लोक नक्की म्हणतात काय ते तरी बघू.

तर मित्रांनो, चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ म्हणजे 'हुआंगदी नेइजिंग', सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला. त्यात 'यकृत' म्हणजे बायॉलॉजीच्या पुस्तकातलं लिव्हर समजू नका. ते ब्लॉक डायग्राममधल्या ब्लॉकसारखं आहे, म्हणजे कामावरून दिलेलं नाव. यकृत रक्त साठवतं, स्नायूबंधांवर ताबा ठेवतं आणि 'ची' म्हणजे जीवनशक्तीचा प्रवाह सुरळीत ठेवतं. त्याचं तत्त्व लाकूड, आणि त्याच्याशी जोडलेली निसर्गातली गोष्ट म्हणजे वारा.

आता वाराच का? निरीक्षण बघा. वारा अचानक सुटतो, झाडं गदागदा हलवतो आणि अचानक पडतो. फिटही तशीच येते, माणसाला हलवते आणि निघून जाते. म्हणून अंग थरथरणं, चक्कर, झटके या सगळ्या गोष्टी त्यांनी यकृताच्या खात्यात टाकल्या. हा वारा बाहेरून येत नाही, शरीरातच तयार होतो. यकृताच्या लाकडाला मूत्रपिंडाचं पाणी मिळालं नाही किंवा सततच्या रागाने त्यात आग भडकली, की वारा उठतो आणि वर डोक्याकडे धावतो.

पण नुसत्या वाऱ्याने माणूस बेशुद्ध का पडावा? इथे कफ येतो. चिनी वैद्यकात पचनाचं मुख्य काम प्लीहेकडे आहे. खाण्यापिण्याची आबाळ झाली की ती दुबळी होते, शरीरात ओल साठते आणि ओलीचा घट्ट कफ होतो. (मेसचं जेवण डोळ्यांसमोर आलं ना? असो.) हा कफ एरवी तळाशी गाळासारखा बसून राहतो. वारा उठला की तो गाळ वर उडतो आणि हृदयाची 'द्वारं' बंद करतो. 'शेन' म्हणजे मन, जाणीव. तिचा मुक्काम हृदयात. द्वारं बंद झाली की जाणीव गेली. घशातली घरघर, तोंडाचा फेस हे त्या कफाचे डोळ्यांना दिसणारे पुरावे! वारा पडला की कफ खाली बसतो आणि माणूस उठून विचारतो, काय झालं? गाळ मात्र आतच राहतो, म्हणून फिट पुन्हा येते. चौदाव्या शतकातले वैद्य चू दानशी यांनी तर जवळजवळ सगळा भार कफावरच टाकला.

खरं सांगतो, हे वाचून मी थक्क झालो. ईईजी नाही, स्कॅन नाही, फक्त डोळे आणि कान. तरीही अचानक येणं, झटके, फेस, बेशुद्धी, मधल्या काळात अगदी ठणठणीत असणं आणि पुन्हा पुन्हा येणं या सगळ्याला एकच मॉडेल लावलंय. आवाजसुद्धा सोडला नाही. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ यांच्या ग्रंथात घोडा, बैल, मेंढी, डुक्कर, कुत्रा, कोंबडी अशा सहा प्राण्यांवरून फिटचे प्रकार आहेत. चिनी बोलीत या आजाराच्या नावात आजही 'मेंढी' आणि 'वारा' हे शब्द आहेत. त्या रात्रीचा तो आवाज मला तेव्हा आठवला.

आणि कफावर बोट ठेवणारे चिनी एकटे नव्हते. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराचा हिपोक्रेटिसच्या परंपरेतला ग्रीक ग्रंथही कफालाच जबाबदार धरतो. आपल्या चरकसंहितेत अपस्माराचे चार प्रकार आहेत, त्यातला एक कफज.

आता तिसरं कारण. ते नेइजिंगमध्ये खरोखरच आहे. गरोदरपणी आईला मोठा धक्का बसला की तिची 'ची' वर चढते, खाली उतरत नाही आणि बाळाला हा आजार जडतो, असं त्यात म्हटलंय. त्याला नावही 'गर्भातला आजार' असंच. मला वाटतं, जन्मापासून फिट येणारी मुलं त्यांनी पाहिली. त्या मुलांनी स्वतः ना राग केला होता ना खाण्याची हेळसांड, मग कारण जन्माआधी ढकलणं भाग होतं. 'जन्माआधीचं कारण' इथवर ते चुकले नव्हते. आज आपण जनुकीय दोष म्हणतो, बाळंतपणात मेंदूला प्राणवायू कमी पडला म्हणतो. पण जन्माआधी फक्त आईच दिसत होती, म्हणून दोष तिच्या नावावर लागला. चीनमध्ये लागला, आमच्या रूममेटच्या घरीही लागला. आजीने नेइजिंग वाचलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

या मॉडेलला धक्का चीनमधूनच बसला, हे मला सगळ्यात आवडलं. वांग छिंगरेन नावाचे वैद्य १७९७ साली साथीत मेलेल्या मुलांची उघड्यावर पडलेली प्रेतं पाहून अवयवांची रचना तपासत हिंडले. १८३० साली त्यांचं पुस्तक आलं. स्मरण आणि बुद्धी हृदयात नसून मेंदूत असतात, असं त्यांनी त्यात मांडलं आणि पुरावा म्हणून पुढे केलं ते फेफरंच! फिटच्या वेळी शरीर जिवंत असतं पण डोकं जणू मेलेलं, कारण मूळ 'ची' तेवढा वेळ मेंदूत पोचत नाही. कारण चुकलं, पण पत्ता बरोबर. पुढे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदली. मेंदूतल्या पेशींचा समूह एकाच तालात भरमसाट सिग्नल सोडू लागला की फिट येते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी माइक स्पीकरजवळ नेल्यावरची किंचाळी आठवावी. तुलना ढोबळ आहे, पण चालेल.

तरी जगातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत नेमकं कारण आजही सापडत नाही. बाकीच्यांत डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूचा संसर्ग अशी कारणं असतात. आपल्याकडे मेंदूत गेलेल्या पट्टकृमीच्या अळ्या हेही मोठं कारण आहे.

चिनी औषधांच्या चाचण्यांचे कोक्रेन आढावे झालेत. भरवसा ठेवावा इतका पुरावा त्यांना मिळाला नाही. आणि हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनी २००० साली छापलेल्या एका नोंदीत तर अशा तयार 'चिनी' औषधात चक्क फेनिटॉइन निघालं होतं, म्हणजे आपल्याच डॉक्टरांचं नेहमीचं फिटचं औषध!

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. तो पार्सलमधला कागद घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी गोळ्या अचानक बंद केल्या तर काय होऊ शकतं ते समजावलं. मग त्याने आईला फोन केला. बराच वेळ गॅलरीत बोलत होता. काय बोलला ते मी विचारलं नाही. परत आल्यावर म्हणाला, "तो मेंदूवाला वैद्य कोण रे, नाव लिहून दे. आजीला सांगायचंय."

मी लिहून दिलं. सोबत हेही सांगितलं की चिनी भाषेत या आजाराच्या नावातलं एक अक्षर वेडाशी जोडलेलं आहे, म्हणून २०१० च्या सुमारास हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनी नवं नाव आणलं, आणि कोरियात तर 'मेंदू-वीज-विकार' अशा अर्थाचं नाव ठेवलंय. हे ऐकून तो पहिल्यांदा मोकळं हसला. "म्हणजे मी इलेक्ट्रिकल ब्रँचचाच की!"

डबा अजून आमच्या कपाटावर पडलाय, न उघडलेला. आणि रात्री नऊचा गोळीचा अलार्म आता रूममधल्या तिन्ही मोबाइलवर वाजतो.